पोटासाठी लेखणी : डॉ. सॅम्युएल जॉन्सन

लंडनमध्ये सेंट जॉन्स गेट नावाची एक जुनी दगडी वेस आहे. त्या वेशीच्या इमारतीत ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाची कचेरी होती. मासिकाचा मालक एडवर्ड केव्ह याने १७४४ साली तेथे एका विद्वान गृहस्थाला जेवायला बोलावले होते, अशी गोष्ट सांगतात. जेवता जेवता पाहुण्याने नुकत्याच निघालेल्या एका चरित्राची मनापासून स्तुती केली. पुढे काही दिवसांनी केव्ह त्याला म्हणाला, की तुमच्या त्या दिवशीच्या बोलण्याने एका माणसाला फार आनंद झाला. पाहुणा चकित झाला. कारण जेवायला तर दोघेच होते! तेव्हा केव्हने उलगडा केला. पडद्याआड एक ताट पाठवले गेले होते. त्या चरित्राचा लेखकच पलीकडे बसून जेवत होता. अंगावरचे कपडे इतके विटलेले होते, की पाहुण्यासमोर यायची त्याला लाज वाटत होती.

तो लेखक म्हणजे सॅम्युएल जॉन्सन. पुढे हाच माणूस इंग्रजी भाषेचा कोशकार म्हणून जगभर ओळखला गेला आणि मृत्यूनंतर वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये मानाने विसावला. त्या पडद्यापासून ॲबेपर्यंतचे अंतर त्याने कोणत्या बळावर कापले? त्याच्याजवळ घराणे नव्हते, पैसा नव्हता, पदवी नव्हती, रूपही नव्हते. होती ती एक लेखणी, आणि ती त्याने पोटासाठी हाती धरली होती. पोटासाठी लिहिणारा माणूस हलका आणि हौसेसाठी लिहिणारा थोर, अशी एक समजूत आपल्याकडेही आहे. जॉन्सनचे आयुष्य पाहिले म्हणजे ही समजूत पुन्हा तपासून पाहावीशी वाटते.

जॉन्सनचा जन्म १७०९ साली इंग्लंडमधल्या लिचफील्ड या गावी झाला. वडील मायकेल जॉन्सन पुस्तकांचे दुकान चालवीत. गावात त्यांना मान होता, पण व्यापार बेताचा आणि कर्ज फार. मुलाला लहानपणीच गंडमाळांचा आजार जडला. त्याने चेहऱ्यावर व्रण राहिले आणि एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. राजाच्या स्पर्शाने हा आजार बरा होतो अशी त्या काळी समजूत होती, म्हणून आईने त्याला लंडनला नेऊन ॲन राणीचा स्पर्शही करविला. गुण काही आला नाही. अंगाचे विचित्र झटके आणि मनाची खोल उदासी या दोन गोष्टी पुढे जन्मभर त्याच्या सोबतीला राहिल्या.

दुकानातली पुस्तके हेच त्याचे खरे शिक्षण. १७२८ साली तो ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला खरा, पण पैशाअभावी सुमारे १३ महिन्यांतच त्याला घरी परतावे लागले. त्याचे फाटके बूट पाहून कोणी तरी दयेने एक नवा जोड त्याच्या दाराशी ठेवला, तर याने तो संतापून फेकून दिला. पदवी नसल्यामुळे चांगली शिक्षकाची नोकरी मिळेना. ॲबिसिनियाच्या प्रवासाचे एक पुस्तक त्याने फ्रेंचमधून इंग्रजीत आणले, त्याचे पाच गिनी मिळाले. (गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंडापेक्षा एक शिलिंग जास्त.) १७३५ साली त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवा बाईशी लग्न केले. ती त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी. तिच्याजवळच्या पैशातून त्याने एडियल येथे शाळा काढली. पोरे जमली मोजकीच, आणि शाळा लवकरच बुडाली. पण त्या पोरांतला एक डेव्हिड गॅरिक होता, पुढे इंग्लंडचा सर्वश्रेष्ठ नट झाला तो! मार्च १७३७ मध्ये गुरू आणि शिष्य दोघेही नशीब काढायला लंडनला निघाले. जॉन्सनच्या पिशवीत एक अर्धवट शोकांतिका होती. ती रंगभूमीवर यायला पुढे १२ वर्षे लागली, आणि ती आणली गॅरिकनेच.

त्या वेळच्या लंडनमधला लेखकाचा धंदा समजून घेतल्याशिवाय जॉन्सनचे मोठेपण ध्यानात यायचे नाही. लेखकाला जगायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे एखाद्या उमरावाचा आश्रय मिळवायचा, त्याच्या नावे पुस्तक अर्पण करायचे आणि बक्षिसाची वाट पाहायची. दुसरा म्हणजे ग्रंथविक्रेत्यांच्या दारी जायचे. त्या काळी ग्रंथविक्रेता हाच प्रकाशकही असे. तो हस्तलिखित एकरकमी विकत घेई. पुस्तकाच्या हजारो प्रती खपल्या तरी लेखकाला पुन्हा दमडीही मिळत नसे. भाषांतरे, प्रस्तावना, संक्षेप, सूची, मासिकांचे रकाने असे मिळेल ते काम करून जगणाऱ्या लेखकांची वस्ती ग्रब स्ट्रीट नावाच्या गल्लीत होती. पुढे पुढे हे नाव म्हणजे एक शिवीच होऊन बसले. एका ग्रंथविक्रेत्याने जॉन्सनची धिप्पाड अंगकाठी न्याहाळून त्याला हमाली करण्याचा सल्ला दिला होता, असे सांगतात.

जॉन्सनने हमालीच केली, पण शब्दांची. केव्हच्या मासिकासाठी त्याने चरित्रे लिहिली, भाषांतरे केली, दुसऱ्यांच्या कविता तपासल्या. १७३८ साली ‘लंडन’ ही त्याची कविता गाजली. तिचे मिळाले दहा गिनी. त्यानंतरचे काम मात्र नाजूक होते. पार्लमेंटातली भाषणे छापण्यावर त्या वेळी बंदी होती. केव्हने त्यावर युक्ती काढली. स्विफ्टच्या कादंबरीतल्या लिलिपुटचे नाव घेऊन तो ही भाषणे तिथल्या सभेतली म्हणून छापू लागला. सभागृहातून कोणी तरी थोडीफार टिपणे आणून देई, आणि माळ्यावरच्या खोलीत बसून जॉन्सन त्यांवरून पानेच्या पाने भाषणे लिहून काढी. पुष्कळदा विषय आणि वक्त्यांची नावे एवढाच आधार असे. बाकी वक्तृत्व सारे जॉन्सनचे! पुढे एका मेजवानीत मंडळी थोरल्या पिटच्या एका भाषणाची तुलना डिमॉस्थेनिसच्या भाषणांशी करीत होती, तेव्हा जॉन्सनने शांतपणे सांगितले, की ते भाषण मी लिहिले आहे. मंडळी थक्क झाली. पण त्याला स्वतःला या कामाचा अभिमान नव्हता. लोक ही भाषणे खरी मानून वाचतात हे कळताच त्याने ते काम सोडले, आणि आयुष्याच्या अखेरीसही त्याबद्दल त्याला रुखरुख वाटत होती. पोटासाठी लिहिणाऱ्यालाही काही रेघा ओढाव्या लागतात, हे तो असा अनुभवाने शिकला.

याच दिवसांत रिचर्ड सॅव्हेज नावाचा एक कवी त्याचा मित्र झाला. हुशार, उधळ्या आणि कायमचा कफल्लक. खोलीचे भाडे द्यायला पैसे नसले म्हणजे हे दोघे मित्र रात्रभर लंडनच्या चौकांतून फिरत राहत आणि देशाच्या राजकारणावर तावातावाने बोलत. १७४३ साली सॅव्हेज ब्रिस्टलच्या तुरुंगात कर्जापायी कैदेत असताना मेला. जॉन्सनने त्याचे चरित्र लिहिले. छापील ४८ पाने होतील एवढा मजकूर त्याने एका बैठकीत रात्रभर बसून लिहिला. मित्राचे दोष त्याने झाकले नाहीत आणि त्याच्या दुःखाची थट्टाही केली नाही. पडद्याआड बसून जॉन्सनने ज्याची स्तुती ऐकली ते चरित्र हेच.

मग १७४६ साली लंडनच्या काही ग्रंथविक्रेत्यांनी एकत्र येऊन त्याच्याशी एक मोठा करार केला. इंग्रजी भाषेचा कोश तयार करायचा आणि त्यासाठी १५०० गिनी घ्यायचे. फ्रान्समध्ये अशा कामाला अकादमीच्या ४० विद्वानांना ४० वर्षे लागली होती. जॉन्सनने सांगितले, तीन वर्षांत पुरा करतो! त्याने गॉफ स्क्वेअरमध्ये घर घेतले, माळ्यावर लांब मेजे मांडली आणि सहा लेखनिक नेमले. त्यांतले पाच स्कॉटलंडचे होते. स्कॉटिश लोकांची थट्टा करण्याची जॉन्सनला भारी हौस, पण कामाला मात्र त्याने त्यांनाच घेतले. त्यांचे पगार, कागद, घरभाडे सारे त्या १५०० गिनींतूनच भागवायचे होते.

कामाची पद्धत साधी पण कष्टाची होती. जॉन्सन नामांकित लेखकांचे ग्रंथ वाची, हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढी आणि समासात त्या शब्दाचे आद्याक्षर लिही. लेखनिक ते वाक्य उतरवून घेत आणि शब्दवार लावून ठेवत. मग जॉन्सन व्युत्पत्ती आणि अर्थ लिही. ज्या मित्रांनी त्याला ग्रंथ उसने दिले, त्यांना ते रेघोट्यांनी भरूनच परत मिळाले! पहिल्या काही वर्षांचा मजकूर चुकीच्या पद्धतीने मांडला गेला म्हणून बराचसा नव्याने करावा लागला. तीन वर्षांची जवळजवळ नऊ झाली. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन प्रचंड खंडांत कोश बाहेर पडला. त्यात ४२ हजारांवर शब्द होते आणि लाखाहून अधिक अवतरणे होती. ‘टेक’ या एकाच क्रियापदाच्या त्याने १३४ अर्थच्छटा दिल्या होत्या. शब्द आधी वापरात पाहायचा आणि मग त्याचा अर्थ सांगायचा, ही शिस्त त्याने इंग्रजी कोशरचनेला लावून दिली. ग्रब स्ट्रीटलाही त्याने कोशात जागा दिली, आणि त्या गल्लीत राहणाऱ्या लेखकांत कोशकारालाही मोकळेपणाने बसवले!

कोशाचे काम चालू असताना घर चालवायला आणखी मिळकत हवी होती. मनाला विसावाही हवा होता. म्हणून मार्च १७५० मध्ये त्याने ‘रॅम्बलर’ हे पत्र सुरू केले. दर मंगळवारी आणि शनिवारी एक निबंध, किंमत दोन पेन्स. दोन वर्षांत २०८ अंक निघाले. चार-पाच अंकांचा अपवाद सोडला तर सारे त्याने एकट्याने लिहिले. प्रत्येक निबंधाचे त्याला दोन गिनी मिळत. खप ५०० प्रतींच्या आतच होता. आजारपण असो, उदासी असो, कोशाचे मुद्रित समोर पडलेले असो, मंगळवार आणि शनिवार काही टळत नसत. छापखान्याचा पोरगा दारात उभा आहे आणि जॉन्सन शेवटचे पान लिहितो आहे, असे पुष्कळदा घडे. काही निबंध तर त्याने छापायला देण्यापूर्वी पुन्हा वाचलेही नाहीत. लहर लागण्याची वाट पाहत बसणारा लेखक त्याला मान्य नव्हता. हट्टाने बसले तर माणूस केव्हाही लिहू शकतो, असे त्याचे मत होते. आणि गंमत अशी, की हा माणूस स्वभावाने मोठा आळशी! दुपारपर्यंत अंथरुणात पडून राही, आणि दर वर्षी लवकर उठण्याचा संकल्प करून तो मोडी. वायदा हीच त्याची छडी होती.

मराठी वाचकाला येथे एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि ती सात वर्षे जवळजवळ एकहाती लिहून चालवली. त्या मालेतच त्यांनी डॉ. जॉन्सनचे चरित्र मराठी वाचकांना सांगितले. एकट्याच्या लेखणीवर एक नियतकालिक उभे राहू शकते, हे लंडनमध्ये जॉन्सनने दाखवले होते. पुण्यात ते शास्त्रीबुवांनी दाखवले.

‘रॅम्बलर’चे निबंध वाचून पत्नीने त्याचे तोंडभर कौतुक केले होते. ते कौतुक त्याला साऱ्या लंडनच्या स्तुतीहून मोलाचे वाटले. मार्च १७५२ मध्ये ‘रॅम्बलर’ बंद झाला आणि त्याच महिन्यात ती वारली. कोश पुरा झालेला पाहायला ती राहिली नाही.

कोशाची योजना जॉन्सनने १७४७ साली लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या उमरावाच्या नावे प्रसिद्ध केली होती. उमरावाने दहा पौंड दिले आणि तो विसरून गेला. सात वर्षांनी कोश बाहेर पडणार असे कळताच त्याने एका पत्रात कोशाची वाहवा करणारे दोन लेख लिहिले. अर्पणपत्रिकेवर आपले नाव यावे, हा त्यामागचा हेतू उघड होता. जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्याला एक पत्र पाठवले. भाषा अतिशय सभ्य, पण आशय रोखठोक. गरज होती तेव्हा तुमच्या दाराबाहेर ताटकळलो. आता काम माझ्या कष्टाने पार पडले आहे, तेव्हा ही कृपा नको. कोश कोणालाही अर्पण न होता बाहेर पडला. आपल्या एका जुन्या कवितेत त्याने विद्वानाच्या वाट्याला येणाऱ्या दुःखांची यादी दिली होती. तीत माळ्यावरची खोली होती. ती काढून त्याने तिथे आश्रयदाता बसवला! आश्रयदात्यावाचून लेखक जगू शकतो, एवढे मोठे काम उभे करू शकतो, हे त्या पत्राने जगाला कळले.

पण जगू शकतो म्हणजे सुखाने जगतो असे नव्हे. कोशाचे पैसे कोश पुरा होण्याआधीच खर्चून गेले होते. कीर्ती झाली, ऑक्सफर्डने एम. ए.ची सन्माननीय पदवी दिली. आणि पुढच्याच वर्षी, १७५६ मध्ये, सहा पौंडांहूनही कमी देण्यापायी जॉन्सनला अटक झाली. कादंबरीकार रिचर्डसनने सहा गिनी पाठवून त्याला सोडवले. १७५९ च्या जानेवारीत लिचफील्डला त्याची वृद्ध आई वारली. तिच्या उत्तरक्रियेसाठी आणि तिने मागे ठेवलेली लहानसहान देणी फेडण्यासाठी त्याच्याजवळ पैसे नव्हते. तेव्हा एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून त्याने एक कथा लिहून काढली. हस्तलिखिताचे १०० पौंड मिळाले, दुसऱ्या आवृत्तीचे २५. ती कथा म्हणजे ‘रासेलस’. सुखाच्या शोधात घराबाहेर पडलेल्या आणि ते कोठेही पुरते न सापडलेल्या राजपुत्राची ही गोष्ट. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते पुरे केले. आईच्या अंत्यविधीसाठी घाईने लिहिलेले पुस्तक शंभराहून अधिक वर्षांनी पुण्याच्या एका बापलेकांनी मराठीत आणावे, याला काय म्हणावे!

१७६२ साली तिसऱ्या जॉर्ज राजाच्या सरकारने त्याला वर्षाला ३०० पौंडांचे पेन्शन देऊ केले. मोठी अडचण झाली. कारण आपल्याच कोशात त्याने पेन्शन या शब्दाचा अर्थ अगदी खोचक दिला होता. त्याने मित्रांचा सल्ला घेतला. हे पेन्शन आजवरच्या कामासाठी आहे, पुढे काही करून घेण्यासाठी नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्याने ते घेतले. विरोधकांनी त्याला यथेच्छ टोमणे मारले. पुढे १७७० पासून त्याने सरकारच्या बाजूने चार राजकीय पत्रके लिहिली, तेव्हा त्या टोमण्यांना धारही आली. त्याची मते मुळातच तशी होती हे खरे. पण सरकारचे पैसे घेणाऱ्या लेखकाचे खरे मतही लोकांना विकत घेतलेले वाटते, हेही तितकेच खरे.

पेन्शन मिळाल्यावर लेखणी मंदावली. शेक्सपिअरच्या नाटकांची आवृत्ती काढतो म्हणून त्याने १७५६ साली वर्गणीदार जमवायला सुरुवात केली होती. पैसे खर्च झाले, वर्गणीदारांची यादीही हरवली, तरी आवृत्ती निघेना. एका कवीने जाहीर टवाळी केली, तेव्हा कोठे १७६५ मध्ये ती बाहेर पडली. तिची प्रस्तावना मात्र आजही इंग्रजीच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही. १७७७ साली ग्रंथविक्रेते त्याच्या घरी आले आणि इंग्रज कवींच्या संग्रहासाठी छोट्या छोट्या प्रस्तावना मागू लागले. मोबदला काय घ्याल, असे त्यांनी विचारले. याने २०० गिनी सांगितले. कितीतरी पट मागितले असते तरी त्यांनी आनंदाने दिले असते. आणि लिहायला बसल्यावर प्रस्तावनांचे ग्रंथ झाले. ५२ कवींची चरित्रे १७७९ ते १७८१ या काळात प्रसिद्ध झाली. पैशाखेरीज लिहिणारा मूर्ख, असे तो मित्रमंडळीत ठासून सांगे. पण ठरल्या पैशाच्या मानाने दसपट काम करणारा हा माणूस हिशेबात किती कच्चा होता, हे यावरून दिसते.

त्याच्या पैशाला दुसऱ्याही वाटा होत्या. अंध कवयित्री ॲना विल्यम्स, गरिबांवर उपचार करणारा अबोल लेव्हेट, जमेकात गुलाम म्हणून जन्मलेला फ्रान्सिस बार्बर अशी निराधार माणसे त्याच्या घरी वर्षानुवर्षे राहत आणि आपसात भांडत. रात्री घरी परतताना उंबरठ्यावर झोपलेली अनाथ पोरे दिसली, की त्यांच्या मुठीत तो पेनी ठेवी, म्हणजे सकाळी उठल्यावर त्यांना काही खाता यावे. १३ डिसेंबर १७८४ रोजी तो वारला, तेव्हा मिळकतीचा मोठा वाटा त्याने बार्बरच्या नावे ठेवला होता.

पण जॉन्सनची एक गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. तो तरुण असताना, वडील आजारी होते म्हणून, अटॉक्सेटरच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानावर बसायला जा, असे त्यांनी सांगितले होते. ऑक्सफर्डला राहून आलेल्या पोराला त्याची लाज वाटली. त्याने नाही म्हटले. वडील १७३१ साली वारले. सुमारे ५० वर्षांनी, साऱ्या इंग्लंडने गौरवलेला डॉ. जॉन्सन त्या बाजारात गेला आणि वडिलांचे दुकान जेथे लागे त्या जागी, भर पावसात, टोपी काढून बराच वेळ उभा राहिला. आजूबाजूचे लोक टकमक पाहत होते.

बाजारात पुस्तके विकण्याची त्याला एके काळी लाज वाटली होती. पण सारे आयुष्य त्याने त्याच बाजारात काढले. बापाने छापलेली पुस्तके विकली, लेकाने न छापलेली. मेहनतीचे मोल मागण्यात कमीपणा नसतो आणि घेतलेल्या मोलापेक्षा काम खोटे उतरू देऊ नये, हे त्याला त्या ५० वर्षांत पुरते कळले होते. त्या पावसात उभे राहून तो वडिलांची क्षमा मागत होता. आपल्यापैकी ज्यांना लेखणीवर जगावेसे वाटते, त्यांनी त्याचा कोश एकदा तरी चाळावा. आणि कोश हाती घेताना त्या पडद्याआडच्या ताटाचीही आठवण ठेवावी.